रंग न आलेली ट्यूब

सायन्स कॉलेजच्या प्रॅक्टिकलांमध्ये एक प्रयोग असा आहे, की तो कितीही वेळा पाहिला तरी नवी बॅच आली की मला पुन्हा पाहावासा वाटतो. नाव तसं रुक्ष आहे: बीटा-गॅलॅक्टोसिडेजचं इंडक्शन, म्हणजे लॅक्टोज फोडणारं हे एन्झाइम जिवाणूला बनवायला लावणं. कोल्हापुरातल्या मायक्रोबायोलॉजीच्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला लॅक्टोज वापरणाऱ्या जनुकांचा गट, म्हणजे लॅक ओपेरॉन, विचारा, आकृती हाताला सवयीची असते. एका ओळीत जनुकांचे चौकोन, त्यांच्या तोंडाशी बसलेला रिप्रेसर, लॅक्टोज आला की रिप्रेसर उठतो आणि जीन चालू होतो. परीक्षेतला हमखास प्रश्न. पण जीन चालू होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्या आकृतीत दिसत नाही. ते दिसतं काचेच्या आठ-दहा ट्यूबांमध्ये, तास-दीड तासात, पिवळ्या रंगातून. अल्लादियाखाँसाहेबांनी ज्या गावात आपली गायकी फुलवली, त्या गावात हे सांगायला हरकत नाही, की हा प्रयोग मी एखाद्या बंदिशीसारखा ऐकतो. बंदिशीचे शब्द दोन ओळींचे असतात, पण प्रत्येक शब्द जिथे पडतो तिथे तो का पडतो याला कारण असतं. इथेही ट्यूबा मोजक्याच असतात आणि नीट मांडलेल्या प्रयोगात त्यांतली एकही उगाच ठेवलेली नसते.

मूळ पॅरिसमधलं. १९४० च्या सुमारास जाक मोनो जिवाणूंना दोन साखरा एकत्र खायला घालत होते आणि वाढीचा आलेख एका सरळ चढाऐवजी दोन चढ दाखवत होता. मधे एक सपाट पायरी. त्या पायरीच्या अर्थाचा पहिला मोठा धागा हाती यायला वीस वर्षं गेली. १९६१ मध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी ओपेरॉनची कल्पना मांडणारा मोठा निबंध प्रसिद्ध केला, आणि १९६५ चं नोबेल आंद्रे ल्वोफ यांच्यासह त्या दोघांना मिळालं. प्रयोगशाळेत आज हाताळली जाणारी रीत मात्र जेफ्री मिलर यांच्या १९७२ च्या ‘एक्स्परिमेंट्स इन मॉलेक्युलर जेनेटिक्स’ या पुस्तकानं घरोघरी नेली. एन्झाइम मोजायचं एककही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं, मिलर युनिट. इतिहास इथे थांबवतो, कारण खरी गोडी ट्यूबांत आहे.

पहिली बारीक जागा बहुतेकांच्या नजरेतून निसटते, कारण ती प्रयोग सुरू होण्याआधीच येऊन गेलेली असते. जिवाणू कशावर वाढवायचे? आपल्याकडचा जिवाणू ई. कोलाय के-१२. १९२२ साली कॅलिफोर्नियात एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केलेला हा वाण पुढे जगभरच्या प्रयोगशाळांचा कणा झाला. त्याला ग्लुकोजवर वाढवलं तर ग्लुकोजच लॅक ओपेरॉन दाबून धरतो. लॅक्टोजवर वाढवलं तर ओपेरॉन आधीच जोरात चालू असतो. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये वाढ छान होते, पण त्या ब्रॉथमध्ये काय काय विरघळलंय ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून ज्यानं मांडणी केली त्यानं ग्लिसरॉल निवडलं. ग्लिसरॉलवर जिवाणू सावकाश पण समाधानानं वाढतात, आणि लॅक ओपेरॉनला ते ना चेतवतं ना फारसं दाबतं. पाटी कोरी मिळते. आदल्या दिवशी मिनिमल मीडियम बनवताना कुणीतरी बाटलीवर ‘ग्लिसरॉल ०.४ टक्के’ असं लिहितं आणि त्या तीन शब्दांत अर्धा प्रयोग आधीच जिंकलेला असतो.

मग कल्चर वाटलं जातं. एका ट्यूबमध्ये काहीच नाही. दुसरीत लॅक्टोज. तिसरीत आयपीटीजी. चौथीत ग्लुकोज, पाचवीत ग्लुकोज आणि लॅक्टोज, सहावीत ग्लुकोज आणि आयपीटीजी. पुढच्या ट्यूबांचं पुढे सांगतो. चांगला शिक्षक इथे एक गोष्ट करतो: ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये रॅक ठेवण्याआधी तो मुलांना एक कोरा तक्ता देतो. कुठल्या ट्यूबला रंग येईल, किती येईल, आणि का. प्रत्येकानं पेननं लिहायचं, पेन्सिलीनं नाही. कारण पेन्सिलीचं भाकीत रंग आल्यावर हळूच बदलता येतं. या एका कागदामुळे पुढचा तासभर वेगळ्या तऱ्हेनं जातो. आता मुलं वाट बघतात ती आपल्या स्वतःच्या म्हणण्याचं काय होतंय याची.

आयपीटीजीची निवडही थांबून पाहण्यासारखी आहे. तो लॅक्टोजसारखा दिसतो, रिप्रेसरला उठवतो, पण त्याच्या बंधात ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलेलं आहे. त्यामुळे एन्झाइमला तो फोडता येत नाही. म्हणजे संकेत मिळतो पण अन्न मिळत नाही. जिवाणू एन्झाइम बनवतो, आणि ते एन्झाइम त्याच्या काहीच उपयोगाचं नसतं! ‘जिवाणूला गरज असते म्हणून तो एन्झाइम बनवतो’ हे वाक्य मुलांच्या तोंडी फार सहज येतं. आयपीटीजीची ट्यूब ते वाक्य कसलाही वाद न घालता खोडून काढते. जीनला गरज कळत नाही, त्याला फक्त रिप्रेसरवर बसणारा रेणू कळतो. एका रेणूच्या एका अणूत केलेला बदल आणि त्यातून सुटलेला केवढा गैरसमज.

आता मोजमाप. हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो आणि मला सर्वांत सुंदर वाटतो. एन्झाइम जिवाणूच्या आत आहे आणि आपल्याला ते बाहेरून मोजायचंय. म्हणून बफरमध्ये थोडं कल्चर घ्यायचं, क्लोरोफॉर्मचे एक-दोन थेंब आणि एसडीएस या डिटर्जंटचा एक थेंब टाकायचा, आणि ट्यूब जोरात हलवायची. जिवाणूचं आवरण सच्छिद्र होतं. मग ओएनपीजी घालायचं. हा रंगहीन पदार्थ लॅक्टोजची नक्कल करतो. एन्झाइमनं तो फोडला की ऑर्थो-नायट्रोफिनॉल सुटतं आणि द्रावण पिवळं होतं. १९५० मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या अभ्यासात तो वापरला आणि या क्षेत्राला मोजपट्टी मिळाली. बफरमध्ये मरकॅप्टोइथेनॉल असतं, त्याचा उग्र वास व्हरांड्यापर्यंत जातो. तो वास आला की समजावं, आज बॅचचं हे प्रॅक्टिकल आहे.

इथे क्लोरोफॉर्म का, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. तो वगळला तर ओएनपीजीला आत शिरायला जिवाणूच्या स्वतःच्या परमीएजवर, म्हणजे लॅक्टोज आत घेणाऱ्या प्रथिनावर, अवलंबून राहावं लागतं, आणि मग आपण एन्झाइम मोजतोय की दार, हे कळत नाही. दार बाजूला काढल्यावर उरतं ते फक्त एन्झाइम. मोनोंच्या प्रयोगशाळेला नेमका हाच गोंधळ एके काळी सतावत होता: एन्झाइम आहे, तरी लॅक्टोज वापरता येत नाही, असे जिवाणू सापडत होते. त्या कोड्यातूनच १९५६ मध्ये परमीएजचा शोध पुढे आला. आजच्या मुलांना तेच कोडं एका ट्यूबमध्ये परत देता येतं. परमीएज नसलेला वाण घ्यायचा, त्याला आयपीटीजी द्यायचं, आणि एकदा क्लोरोफॉर्मसह, एकदा क्लोरोफॉर्मशिवाय रंग बघायचा. एकाच कल्चरच्या दोन ट्यूबा, एक पिवळी, एक जवळजवळ कोरी. बॅचमधलं कुणीतरी तेव्हा ‘म्हणजे आत आहे, पण बाहेरून जात नाही’ असं म्हणतं आणि ‘परमीएज’ हा शब्द फळ्यावर लिहायच्या आधीच कल्पना तयार झालेली असते.

रंग पुरेसा आला की सोडियम कार्बोनेट घालून थांबवायचं. या एका बाटलीवर मी वेगळा परिच्छेद खर्च करणार आहे, कारण तिच्यातली काटकसर अप्रतिम आहे. कार्बोनेटनं पीएच साधारण ११ पर्यंत चढतो. एवढ्या पीएचला एन्झाइम निकामी होतं, म्हणजे घड्याळ तिथेच थांबतं. आणि त्याच वेळी, त्याच पीएचमुळे, सुटलेलं ऑर्थो-नायट्रोफिनॉल पूर्ण आयनरूपात जातं आणि पिवळा रंग गडद, ठसठशीत होतो. बफरमध्ये असताना त्यातला बराचसा भाग फिकाच असतो. म्हणजे प्रक्रिया थांबवणं आणि रंग खुलवणं ही दोन वेगळी कामं एकाच थेंबात होतात. मुलांनी पांढऱ्या कागदासमोर ट्यूब तिरकी धरलेली असते, कार्बोनेट पडतं आणि लिंबाच्या सालीचा पिवळा क्षणात हळदीकडे झुकतो. डोळ्यांना दिसणारा तो बदल एन्झाइमचा नसतो, पीएचचा असतो. हे ज्याच्या लक्षात आलं, त्यानं हा प्रयोग वाचायला सुरुवात केली असं मी मानतो. जाता जाता एक नोंद. १९६२ मध्ये मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला. त्याआधी अमेरिकेत ॲलन गॅरन यांच्याबरोबर त्यांनी ई. कोलायच्या अल्कलाइन फॉस्फटेजवर महत्त्वाचं काम केलं होतं. तेही एन्झाइम नायट्रोफिनॉलच्या अशाच पिवळ्या रंगानं मोजता येतं. महाराष्ट्रातल्या जनुकशास्त्राशी या रंगाचं असंही एक नातं आहे.

मिलर युनिटचं सूत्र वर्गात पाठ होतं, पण ते उलगडून पाहिलं तर त्यातही रस आहे. ४२० नॅनोमीटरवरचं रीडिंग म्हणजे पिवळा रंग. पण ट्यूबमध्ये जिवाणूंचे अवशेषही असतात, ते प्रकाश विखुरतात आणि तेवढं रीडिंग फुकट वाढतं. म्हणून ५५० वर दुसरं रीडिंग घ्यायचं. तिथे पिवळा रंग शोषला जात नाही, फक्त विखुरणं मोजलं जातं. त्याला १.७५ नं गुणून पहिल्यातून वजा करायचं. मग वेळेनं भागायचं, घेतलेल्या कल्चरच्या आकारमानानं भागायचं, आणि ६०० वर मोजलेल्या वाढीनं भागायचं, म्हणजे जिवाणू जास्त होते म्हणून रंग जास्त आला, ही पळवाट बंद. शेवटी हजारानं गुणायचं, म्हणजे आकडा हाताळण्याजोगा होतो. सूत्राच्या प्रत्येक पदामागे कुणीतरी घेतलेला एक आक्षेप आहे आणि त्याला दिलेलं उत्तर आहे. लहान कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर ४२० च्या फिल्टरचा साधा कलरीमीटरही चालतो. सेल्स सेंट्रिफ्यूज करून खाली बसवले की विखुरण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ही सोय मुलांनी स्वतः सुचवली तर त्याचा आनंद आणखी.

आता ज्या ट्यूबसाठी मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. सातव्या ट्यूबमध्ये आयपीटीजीबरोबर क्लोरॅम्फेनिकॉल घातलेलं असतं. हे प्रतिजैविक जिवाणूचं प्रथिन बनवणं रोखतं. इतर सगळं तिसऱ्या ट्यूबसारखंच: तेच कल्चर, तेच आयपीटीजी, तोच वेळ. ओएनपीजी पडतं, मिनिटं जातात, शेजारची ट्यूब पिवळी होते, आणि ही स्वच्छ राहते. “सर, ह्या ट्यूबला रंगच आलेला नाही बघा,” असं कुणीतरी काळजीनं सांगतं. कारण न आलेला रंग म्हणजे बिघडलेलं प्रॅक्टिकल, अशी आपली शिकवण झालेली असते. शिक्षकानं अशा वेळी गप्प बसावं. तक्त्यात काय भाकीत लिहिलं होतं ते बघायला सांगावं.

एन्झाइम आधीपासून आत झोपलेलं होतं आणि आयपीटीजीनं फक्त जागं केलं, की ते नव्यानं बनलं? १९५० च्या दशकात हा खरोखरचा वाद होता. हॉग्नेस, कोन आणि मोनो यांनी १९५५ मध्ये किरणोत्सारी गंधक वापरून दाखवलं, की एन्झाइम नव्यानंच बनतं. किरणोत्सारी गंधक आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये येणार नाही आणि यायचं कारणही नाही. क्लोरॅम्फेनिकॉलची ही ट्यूब त्या प्रश्नाचं कामापुरतं उत्तर काही रुपयांत देते. झोपलेलं असतं तर रंग आला असता. रंग आला नाही, म्हणजे ते बनवावं लागलं. रंग न येण्यातून एवढं मोठं विधान काढता येणं, आणि तेही पदवीच्या मुलांना, ही या मांडणीची सर्वांत देखणी जागा आहे.

तिच्या शेजारी रिफाम्पिसिनची ट्यूब ठेवली तर गोष्ट आणखी एक पायरी मागे जाते. रिफाम्पिसिन आरएनए बनवायची सुरुवातच रोखतं. आयपीटीजीच्या आधी घातलं तर रंग जवळजवळ येतच नाही. पण आयपीटीजी देऊन पाच-दहा मिनिटांनी घातलं तर थोडा रंग येतो आणि मग तो वाढायचा थांबतो: जो आरएनए आधीच निघाला होता त्यातून थोडं एन्झाइम बनलं, आणि मग तो आरएनए संपला. जिवाणूचा संदेश काही मिनिटांतच नष्ट होतो, हे मुलांना इथे आकड्यांत दिसतं. एक अट मात्र आहे. रिफाम्पिसिनचा स्वतःचाच रंग तांबूस-केशरी असतो, टीबीची औषधं घेणाऱ्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे रीडिंग शून्यावर लावायच्या ब्लँक ट्यूबमध्येही ते तितकंच घालायला हवं. ही अट आधी सांगू नये. कुणाचं तरी रीडिंग विचित्र येईल आणि कारण शोधताना ब्लँकचा खरा अर्थ समजेल.

आणि काहीच न घातलेली पहिली ट्यूब? सर्वांत दुर्लक्षित. ती घाईनं ‘निगेटिव्ह’ म्हणून बाजूला ठेवली जाते. पण तिच्यात ओएनपीजी घालून बराच वेळ धीर धरला तर फिकट, अगदी फिकट पिवळा उमटतो. बंद असलेला जीन पूर्ण बंद नसतो. एका जिवाणूत रिप्रेसरचे जेमतेम दहाएक रेणू, अधूनमधून एखादा सुटतो आणि तेवढ्यात एन्झाइमचे मोजके रेणू बनून जातात. चालू आणि बंद यांच्यात जवळपास हजारपटींचा फरक असतो, तरी बंदची बाजू शून्यावर कधी जात नाही. ही गळती म्हणजे दोष नाही, तिच्यावाचून चालणारच नाही. लॅक्टोज आत यायला परमीएजचे काही रेणू आधीच हवेत, आणि रिप्रेसरला उठवणारा रेणू खरा लॅक्टोज नसून ॲलोलॅक्टोज आहे, हे १९७२ मध्ये स्पष्ट झालं. तो बनवतं बीटा-गॅलॅक्टोसिडेजच. म्हणजे एन्झाइम बनवायला थोडं एन्झाइम आधीच असावं लागतं! आपल्याकडे गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पितात. त्यात सुमारे ५ टक्के लॅक्टोज असतो, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या बाबतीत तो तसाच मोठ्या आतड्यात, ई. कोलायच्या वस्तीत उतरतो. असा अवचित येणारा पाहुणा ओळखायचा तर थोडी जाग ठेवावीच लागते. पहिल्या ट्यूबचा तो फिकट पिवळा या जागेपणाचा पुरावा आहे, आणि तो पाहायला फक्त सबुरी लागते.

पाचवी आणि सहावी ट्यूब जोडीनंच पाहायची. पाठ्यपुस्तकात असतं, की ग्लुकोज असेल तर सीएएमपी हा संदेशरेणू कमी होतो, सीआरपी हे प्रथिन जीनच्या प्रवर्तकावर बसत नाही, म्हणून लॅक ओपेरॉन मंदावतो. हे खरं असेल आणि एवढंच असेल, तर ग्लुकोज-लॅक्टोज आणि ग्लुकोज-आयपीटीजी या दोन ट्यूबांना सारखाच रंग यायला हवा. येत नाही. ग्लुकोज-आयपीटीजीत रंग कमी होतो, पण चांगला दिसतो. ग्लुकोज-लॅक्टोजमध्ये तो जवळजवळ गायब होतो. फरक कशानं? ग्लुकोज आत घेणारी यंत्रणा परमीएजलाच अडवते, त्यामुळे लॅक्टोज आत येऊच शकत नाही. आयपीटीजीला मात्र एवढ्या तीव्रतेला परमीएजची फारशी गरज पडत नाही, तो आपला आत शिरतो. जपानमध्ये हिरोजी आइबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की ग्लुकोज-लॅक्टोजच्या त्या प्रसिद्ध पायरीचं मुख्य कारण ही अडवणूकच आहे, सीएएमपी नव्हे. अनेक पुस्तकं अजून जुनाच खुलासा छापतात. आणि इथे कोल्हापुरातल्या तिसऱ्या वर्षाच्या बॅचपुढे, दोन ट्यूबांच्या पिवळ्यातल्या फरकातून, पुस्तकाच्या पुढचं उत्तर उभं असतं. ज्यानं ही जोडी शेजारी-शेजारी ठेवली त्याच्या हाताला दाद द्यावीशी वाटते.

प्रयोग खरा शोधाचा होतो तो वाणांची नावं झाकल्यावर. क, ख, ग, घ अशी चार स्लँट द्यायची. एक नैसर्गिक वाण, एक रिप्रेसर नसलेला, एक परमीएज नसलेला, एक एन्झाइमच नसलेला. कोण कोण ते शोधा. मुलं सवयीनं आधी लॅक्टोज वापरणाऱ्या वसाहती गुलाबी दाखवणाऱ्या मॅकॉन्की अगारकडे धावतात, आणि मॅकॉन्की त्यांना फसवतो. नैसर्गिक आणि रिप्रेसर नसलेला, दोन्ही गुलाबी येतात, कारण मॅकॉन्कीमध्ये लॅक्टोज असतोच, मग नैसर्गिक वाणाचा जीनही चालू होणारच. वेगळं करायचं तर इंड्यूसरशिवाय, म्हणजे जीन चालू करणाऱ्या रेणूशिवाय, बघायला हवं. हे लक्षात आलं की कुणीतरी एक्स-गालची प्लेट मागतं: एक्स-गाल रंग देतो, पण जीन चालू करत नाही. तिच्यावर रिप्रेसर नसलेल्याच्या वसाहती निळ्या येतात, नैसर्गिकच्या पांढऱ्या. चुकीच्या माध्यमानं एक दिवस घेतला, पण मोजमाप स्वतःच परिस्थिती बदलतं, ही गोष्ट मुलांना कायमची कळली. सतत फसवणाऱ्या मॅकॉन्कीला या प्रयोगात जागा देणं ही मला अतिशय समजूतदार कल्पना वाटते. आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाड २००८ मध्ये मुंबईत झालं, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या यजमानपदाखाली. तिथे लेखी परीक्षेच्या जोडीला प्रयोगशाळेतली परीक्षाही असते. उत्तर आधी माहीत नसलेला प्रयोग करण्याची सवय शाळकरी मुलांना लागू शकते, तर पदवीच्या मुलांना का नाही?

हल्ली हिरव्या प्रकाशाचा प्रयोगही बऱ्याच ठिकाणी होतो. अरॅबिनोज दिला की जीएफपी हे चमकणारं प्रथिन बनतं आणि अतिनील दिव्याखाली प्लेट चमकते. दृश्य मोहक आहे, पहिल्या वर्षाला जरूर दाखवावं. पण बहुतेक वेळा तो चमकलं किंवा नाही चमकलं एवढ्यावरच थांबतो. पिवळ्या रंगाला आकडा आहे, आणि आकडा आला की वाद घालता येतो. माझं मत पिवळ्याच्या बाजूनं.

एक भर मात्र आपल्या मातीतली घालावीशी वाटते. गूळ आणि दूध, दोन्ही इथे हाताशी आहेत. ग्लुकोजच्या जागी एका ट्यूबमध्ये साखर आणि एकीत गुळाचं गाळलेलं पाणी घातलं तर? ई. कोलाय के-१२ ला साखर, म्हणजे सुक्रोज, वापरता येत नाही, म्हणून साखरेच्या ट्यूबचा रंग कमी व्हायला नको. गुळात मात्र सुक्रोजबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, म्हणून लॅक्टोज किंवा आयपीटीजीचा परिणाम तिथे दबायला हवा. आता आक्षेप सुरू करा. गुळाचा स्वतःचा रंग आहे, ब्लँक हवा. गुऱ्हाळात रस निवळायला भेंडीचा चिकट रस आणि चुना वापरतात, म्हणून पीएच तपासायला हवा. दबलेला रंग ग्लुकोजमुळेच, की गुळातल्या दुसऱ्याच कशानं? त्यासाठी तेवढंच शुद्ध ग्लुकोज घातलेली ट्यूब हवी. फ्रुक्टोजचं काय? त्याची एक निराळी. लॅक्टोजऐवजी पनीर काढल्यावर उरलेलं निवळ पाणी वापरलं तर? प्रत्येक आक्षेपामागे एक ट्यूब वाढत जाते आणि रॅक भरत जातो. ही यादी मुलांनी करायची आहे, शिक्षकांनी नव्हे. गुऱ्हाळं पाहत वाढलेल्या करवीर-पन्हाळ्याकडच्या मुलामुलींना या यादीत भर घालायला कुणी शिकवावं लागणार नाही.

शिक्षकमित्रांना एक विनंती करतो. येत्या सत्रात हा प्रयोग लावताना जर्नलमधला ‘रिझल्ट’चा रकाना भाकितं लिहून होईपर्यंत कोरा ठेवायला सांगा. वाणांच्या स्लँटवरच्या चिठ्ठ्या काढा, क-ख-ग लिहा, आणि यादी लॅबमधल्या मामांच्या कपाटात कुलपात ठेवा. क्लोरॅम्फेनिकॉलची एक ट्यूब न विसरता रॅकमध्ये ठेवा. आणि कुणी येऊन म्हणालं, की हिला रंगच आला नाही, तर नवी ट्यूब देऊ नका. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, का आला नसेल?